जीपचं टोपरं

"भावोजी, परत गळता हा."

सहदेव दारात उभा राहून हे म्हणाला तेव्हा मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला होता. त्याच्या हातात तुपाचा रिकामा डबा होता. डबा त्याने पुढे करून दाखवला. तळाशी दोन बोटं काळं तेल.

"हा डबा कुठला?"

"इंजनाखाली बांधललंय. म्हटलं, बघूया तरी किती जाता ता. पाड्यावर जाऊन येईपर्यंत एवढा."

माझी बायको जानकी चुलीपाशी होती. सहदेव तिचा धाकटा भाऊ. ती म्हणाली, "आधी हात धू आणि जेवूक बस. तेल खय पळून जातला?"

"पळताच हा गो, तोच तर त्रास," सहदेव म्हणाला, आणि हात धुवायला मोरीत गेला.

मी मात्र भाकरी ठेवली आणि डबा उजेडात धरून पाहिला.

ही गोष्ट पंचावन्न सालची. कांदिवलीला रुळांच्या पूर्वेला माझी पत्र्याची शेड होती. लढाईच्या दिवसांत मी लष्कराच्या डेपोत ट्रक खोलायला शिकलो, आणि लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लोकांनी घेतल्या तेव्हा त्या दुरुस्त करायला लागलो. त्यांतलीच एक जीप पार्ल्याच्या एका मंडळाने घेतली होती. बोरिवलीच्या डोंगरातल्या पाड्यांवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या नर्स वनमालाबाई औषधाची पेटी घेऊन जात. तिथे रस्ता नव्हता. खडीच्या खाणींपर्यंत बैलगाडीची वाट, पुढे नुसते दगड. जीपच जाऊ शके. सहदेव तिचा ड्रायव्हर आणि मी मिस्त्री.

त्या जीपच्या इंजिनाच्या मागच्या अंगाने तेल गळायला लागलं होतं. इंजिनाचा मुख्य दांडा जिथून मागे गिअरबॉक्सकडे जातो तिथे तेल अडवायला एक दोरी बसवलेली असते. दोरी झिजली की तेल गळतं. मी गिअरबॉक्स उतरवून दोरी बदलली. मंडळाचे चिटणीस शरच्चंद्र टिपणीस यांना सांगितलं, "आता थेंब पडणार नाही." आठ दिवसांनी तेल गळलं. परत खोललं, परत दोरी, परत तेच सांगितलं. आणि आता हा डबा.

टिपणीस एका वकिलाच्या कचेरीत मोठे कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण जीप त्यांच्या अंगणात उभी राही आणि अंगणात नव्या शहाबादी फरश्या होत्या. मागल्या खेपेला ते मला म्हणाले होते, "धाकूमिस्त्री, दोनदा शब्द दिलात. आता येत्या रविवारी मंडळाची माणसं माझ्याकडे जमणार आहेत. त्यांच्यासमोर जीप फरशीवर उभी करू. थेंब पडला तर ती शहरातल्या मोठ्या गॅरेजात जाईल. आणि मग कोणी विचारलं, कांदिवलीचा मिस्त्री कसा आहे, तर मला खोटं सांगता येणार नाही."

माझ्याकडे पाटी नव्हती, परवाना नव्हता. लोक गाडी घेऊन येत ते कोणी तरी सांगितलं म्हणून. माझं नाव एवढंच माझं दुकान होतं.

बुधवारी जीप माझ्या शेडमध्येच होती. मी बॉनेट उघडलं, तेल पाहिलं, हवं तेवढं ओतलं आणि इंजिन चालू ठेवून खाली पोतं अंथरून पडलो. दोन तास. मागचं अंग कोरडं. मध्येच जोरात फिरवून पाहिलं. कोरडं. जानकी चहा घेऊन आली तेव्हा मी अजून खालीच.

"काय दिसता?"

"काहीच नाही."

"मग बरा आसा ना!"

"कसलं बरं? डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो आणि घरी गेलं की चढतो, तसलं दुखणं आहे हे."

"मग डॉक्टरान पेशंटच्या घराक जाऊचा," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

मला ते पटलं. शुक्रवारी पहाटे मी सगळं इंजिन रॉकेलने धुतलं, फडक्याने पुसलं आणि त्याच्यावर तांदळाची पिठी भुरभुरवली. तेल जिथून पहिल्यांदा येईल तिथे पिठी भिजेल. तेल वाऱ्याने मागे उडतं, खाली ओघळतं, आणि माणूस जिथे थेंब दिसतो तिथेच रोग शोधत बसतो. पिठी खोटं बोलत नाही.

सहदेव आला आणि पांढरं इंजिन बघून हसत सुटला. "भावोजी, लगीन कोणाचा? इंजनाक पावडर लावून खय नेतास?"

"तुझ्या सासरी. चल, गाडी काढ."

तो बॉनेटपाशी गेला, शेडच्या खिळ्यावरचं टोपरं काढलं, इंजिनाला घातलं, नाड्यांची गाठ मारली आणि मग बॉनेट लावलं.

या टोपऱ्याचं सांगायला हवं. इंजिनात तेल ओततात ती नळी वर आलेली असते आणि तिच्यावर झाकण असतं. खाणींच्या वाटेवर खडीची धूळ पिठासारखी उडे. ती झाकणाच्या भोकांतून आत जाईल म्हणून सहदेवचा जीव खालीवर होई. होळीनंतर त्याने बहिणीला सांगितलं, आणि जानकीने जुन्या मेणकापडाला आतून गोधडीचा तुकडा लावून, दुहेरी टाके घालून त्या झाकणाला टोपरं शिवलं. बाळाला घालतात तसं, खाली नाड्या. मी ते पाहिलं तेव्हा "झकास!" म्हटलं होतं. काम करताना माझ्या हाताची घाण लागू नये म्हणून तेल बघताना मी ते काढून खिळ्याला अडकवून ठेवी, आणि निघताना सहदेव परत घाली. घरच्या बाईच्या हातचं काम. त्याला मान होता.

पार्ल्याहून नर्सबाईंना घेऊन आम्ही निघालो. मी मागे औषधाच्या पेटीजवळ बसलो. बाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ.

"मिस्त्री, आज तुम्हीही इंजेक्शन घ्यायला येताय का?"

"मी नाही बाई, तुमच्या गाडीला द्यायचंय."

पहिल्यांदा आम्ही थांबलो आकुर्लीच्या पुढे. बॉनेट उघडलं. पिठी कोरडी. दुसऱ्यांदा खाणीपाशी. मागच्या बाजूला, दांड्याच्या खाली, पिठी किंचित पिवळी पडली होती. तिसऱ्यांदा चढावाच्या वर. तोवर मागचं सगळं अंग भिजलं होतं आणि थेंब पडायला लागले होते. बाकी इंजिन पांढरंच. म्हणजे तेल दोरीतूनच येत होतं. मी घातलेल्या दोरीतून.

"वाट लागली," सहदेव हळूच म्हणाला.

आत तेल किती उरलं ते बघायला हवं होतं. त्या जीपला तेल मोजायची पट्टी नळीच्या झाकणालाच असते. मी टोपऱ्याच्या नाड्या सोडल्या, ते बाजूला केलं आणि झाकण उचललं.

फूस्स!

गरम वाफ माझ्या तोंडावर आली. बाई दचकून म्हणाल्या, "अगं बाई! टायर फुटला?"

मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो. इंजिन चालतं तेव्हा आत वाफ होते. ती झाकणाच्या भोकांतून बाहेर पडते, आणि दुसऱ्या बाजूला एक बारीक झडप असते तिच्यातून. मी वाकून ती झडप काढली. काजळीने गच्च बुजलेली. म्हणजे नाक आधीच चोंदलेलं, आणि तोंडावर आम्ही गोधडी बांधली होती. कोंडलेल्या वाफेने तेलाला ढकललं, आणि तेलाला जिथे बारीक फट मिळाली तिथून ते बाहेर आलं. दोरी नवी असो नाही तर जुनी. आणि माझ्या शेडमध्ये दोन तास ते का गळलं नाही, तर टोपरं तेव्हा खिळ्यावर होतं.

"काय झालंय, मिस्त्री?"

"काही नाही, बाई. तिचा श्वास कोंडला होता."

सहदेवला कळायला वेळ लागला नाही. त्याचं तोंड उतरलं. "म्हणजे... माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कसं? टोपरं मी रोज हाताने काढत होतो. मला डोळे नव्हते काय?"

झडप मी काडीने आणि रॉकेलने साफ केली. मागचं अंग पुसून, बरोबर आणलेल्या पुडीतली उरलेली पिठी लावली. टोपरं खिशात घातलं. पाड्यावर बाईंचं काम आटपून, तीच वाट, तेच दगड उतरून आम्ही खाली आलो. बॉनेट उघडलं. पिठी पांढरीशुभ्र. सहदेवने टाळी वाजवली आणि मला मिठीच मारायला आला.

घरी मी टोपरं जानकीच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"म्हणजे माझ्या टोपऱ्यान त्या मेल्या इंजनाचो जीव घेतल्यान?"

"घेतलाच होता."

"आणि मिस्त्री काय म्हणाले होते तेव्हा? झकास!"

"शिवलंच होतं झकास. वाफेला सुईएवढी वाट नव्हती."

"मग आता धुळीचा काय?"

मी तिच्या चहाच्या गाळणीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "न्या," ती म्हणाली. "चहा फडक्यान गाळीन. आणि ता टोपरा हय ठेवा, लोणच्याच्या बरणीक घालतंय. थय श्वास नको."

गाळणीची जाळी कापून मी ती झाकणाच्या भोकांवर आतून बसवली. धूळ अडेल, वाफ जाईल.

रविवारी टिपणीसांच्या अंगणात मंडळाची चार माणसं खुर्च्यांवर बसली होती. टिपणीसांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं. सहदेवने पाड्यापर्यंत नेऊन आणलेली गरम जीप त्याच्यावर उभी केली. चहा झाला, पोहे झाले. तासाभराने टिपणीस स्वतः वाकले आणि कागद ओढून काढला. उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"कोरडा!" ते म्हणाले. "मिस्त्री, मानलं. या खेपेला दोरी चांगली मिळाली वाटतं?"

नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. एकाने तर विचारलंही, माझ्या भावाची मोटार आहे, आणू का तुमच्याकडे.

मी म्हटलं, "दोरीत काही नव्हतं, साहेब. पहिल्यापासून नव्हतं. इंजिनाचं तोंड आम्ही घरच्या माणसांनी बांधलं होतं. मी ते बघून कौतुक केलं आणि गाडी दोनदा उगाच खोलली."

मग टोपऱ्याचं सगळं सांगितलं. एक जण हसला. मोटारवाला गृहस्थ कप खाली ठेवून दुसरीकडे बघायला लागला. टिपणीस हसले नाहीत. आत जाऊन जीपची वही घेऊन आले. गाडीला काय झालं, काय केलं, ते सगळं ते तिच्यात लिहून ठेवत. बराच वेळ लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "झाकण बंद राहिल्याने तेल गळत होते. त्यापूर्वी इंजिन दोन वेळा विनाकारण उघडले गेले. आता दुरुस्त."

"कोणी उघडलं, ते नाही आलं त्यात," मी म्हटलं.

"मुद्दाम नाही घातलं, मिस्त्री. कशाला?"

"उद्या दुसरा कोणी वाचेल तो ड्रायव्हरला धरेल. माझं नाव घाला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सहदेव जीपजवळ उभा राहून बॉनेटचा पत्रा उगाच पुसत होता. टिपणीसांनी टाक परत दौतीत बुडवला, माझ्या नावाचे दोन शब्द ओळीच्या वर लिहिले आणि वही माझ्यापुढे केली. सही करता येत नाही म्हटल्यावर ते शाईची गादी शोधायला उठले.

"राहू द्या," मी म्हटलं. सकाळपासून इंजिनाशीच होतो. अंगठा काळाच होता. तो मी त्यांनी बोट ठेवलं तिथे, त्या दोन शब्दांच्या शेजारी, नीट दाबून उमटवला.