काजळ्या माणसांत येतो

पोहायला शिकवणाऱ्या मॅडमचा आवाज असा खणखणीत होता, की तलावाच्या एका टोकाला त्या "पाय मारा!" म्हणाल्या की दुसऱ्या टोकाला बाकावर बसलेले पालकसुद्धा पाय हलवायला लागत. घरी मात्र या आवाजाला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. घरात उरल्या त्या आणि सासूबाई. दोघींचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जेवताना "मीठ द्या" आणि "हे घे" एवढ्यावर आटोपायचं.

म्हणून एका रविवारी मॅडम प्राण्यांच्या आश्रयघरातून मांजरीची दोन पिल्लं घेऊन आल्या. बंद पडलेल्या गोदामात सापडलेली भावंडं. एक पट्ट्यापट्ट्यांचं, दुसरं काळंकुळकुळीत. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून पेटीत डोकावलं.

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आई."

"म्हणालेच असते! आता दुधाला राखण कोण बसणार?"

पण नावं ठेवली ती त्यांनीच. पट्टू आणि काजळ्या.

पेटीचं दार उघडायचा अवकाश, दोघंही बाणासारखी सुटली आणि कपडे धुवायच्या यंत्रामागे जी घुसली ती घुसलीच. मॅडमनी हाका मारल्या. टाळ्या वाजवल्या. शेवटी बाह्या सरसावून यंत्रच पुढे ओढलं, जमिनीवर आडव्या पडून हात आत घातला आणि काजळ्याची मानगूट धरली. पुढच्या क्षणी मनगटावर लाल रेघा उमटल्या होत्या आणि काजळ्या आणखी आतल्या कोपऱ्यात जाऊन फिसकारत होता.

"हौसेनं आणली, जिवावर आली," सासूबाई कापूस आणत म्हणाल्या. मग जखम पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "काय गं, पाण्याला भिणाऱ्या पोराला पण तू अशीच धरून ओढतेस?"

"छे हो! त्याला मी सुरुवातीला पाण्यात उतरवतसुद्धा नाही. पायरीवर बसवायचं, पाय बुडवू द्यायचे. आपण भलतीकडेच बघत बसायचं. मग त्याचं तोच…"

बोलता बोलता मॅडमची नजर यंत्रामागे गेली. सासूबाईंनी कापसाची गुंडाळी मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून मागची छोटी खोली रिकामी केली. कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्यात मॅडमची वापरलेली चादर अंथरली, म्हणजे पिल्लांना त्यांच्या वासाची सवय व्हावी. संध्याकाळी तलावावरून आल्या की मॅडम खाण्याची वाटी ठेवायच्या आणि खोक्याकडे पाठ करून जमिनीवर बसायच्या. बघायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त हळू बोलायचं.

हळू बोलणं हेच महाकठीण. मॅडमचं कुजबुजणं म्हणजे इतरांची आरोळी. पहिल्यांदा त्यांनी "ये रे बाळा" म्हटलं तर खोकंच हादरलं. पण सरावानं काय होत नाही? आवाज दिवसेंदिवस खाली येत गेला. आता बोलायचं तरी काय? मग त्या तलावावरच्या गोष्टीच सांगू लागल्या. विशेषतः एका निवृत्त न्यायाधीशांच्या. साहेबांनी उभा जन्म लोकांना धाक दाखवण्यात घालवला होता, आणि आता छातीइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी कठडा धरून ते गयावया करत.

एकदा दाराबाहेरून आवाज आला, "मग सोडला का त्यांनी कठडा?"

सासूबाई बाहेर स्टूल टाकून ऐकत होत्या.

"आत या ना, आई. पण पाठ करून बसा."

तेव्हापासून दोघी खोक्याकडे पाठ करून शेजारी शेजारी बसू लागल्या. न्यायाधीशांवरून गोष्ट सासूबाईंच्या शाळेवर गेली, तिथून मॅडमच्या नवऱ्याच्या लहानपणीच्या उपद्व्यापांवर. कधी कधी पिल्लांसाठी बसलोय हेही विसरायला व्हायचं. अशाच एका हसण्याच्या भरात पट्टू खोक्यातून बाहेर आला, मॅडमच्या अंगठ्याचा वास घेतला आणि आपलंच घर असल्यासारखा मांडीवर चढला. पुढे तर तो सासूबाईंच्या लोकरीच्या गुंड्यांचा असा जीव घेऊ लागला, की विणायला बसायची सोय राहिली नाही.

काजळ्या मात्र जागचा हलेना. माणसं खोलीतून गेल्यावरच खायचा. लांब दांड्याच्या चमच्यातून खाऊ दिला तरी मान आखडून बसायचा. बरेच आठवडे गेले, तशी आश्रयघरातली ताई बघायला आली.

"पट्टू तुमचा झालाच," ती म्हणाली. "पण याचं अवघड दिसतंय. काही मांजरं माणसांत येतच नाहीत, त्यात तुमचा काही दोष नाही. एका गिरणीवाल्यांना उंदरांसाठी मांजर हवंय. तिथे तो सुखानं राहील."

"भितोय म्हणून मी अजून कुणाला वर्गातून काढलेलं नाही," मॅडम एवढंच म्हणाल्या. ताईनं विचार करून कळवा म्हणून सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात ते झालं. नळ दुरुस्त करणारा माणूस आला, भिंतीला भोक पाडायचं यंत्र घरघरलं, आणि सामान आणताना घराचं दार उघडंच राहिलं. काळी रेघ ओढावी तसा काजळ्या जिन्यावरून वर पळाला आणि सर्वात वरच्या खिडकीतून बाहेरच्या अरुंद छज्ज्यावर गेला. खाली चार मजल्यांची पोकळी.

मॅडम धापा टाकत वर पोचल्या तोवर अर्धी इमारत जमली होती. एकानं झाडू आणला होता, दुसरा शिडी आणायला निघाला होता, सगळेच एकदम "शुक शुक" करत होते. काजळ्या एकेक पाऊल मागे सरकत होता.

"मॅडम, तुम्ही हाक मारा!" शेजारी ओरडले. "तुमचा आवाज ऐकून तरी येईल!"

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. मग इतक्या हळू बोलल्या की सगळ्यांना कान द्यावा लागला.

"सगळे पायऱ्यांवर बसा. त्याच्याकडे पाठ करा. कुणीही वळून बघायचं नाही."

आणि काय सांगावं, माणसं बसली! झाडूवाला झाडू मांडीवर घेऊन, नळवाला पाना हातात धरून, ओळीनं सगळे भिंतीकडे तोंड करून. मॅडम खिडकीखाली पाठ टेकून बसल्या, शेजारी मागोमाग वर आलेल्या सासूबाई. मॅडमनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"तर काय झालं, आई," त्या म्हणाल्या, "काल साहेबांनी कठडा सोडला."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण सूर अगदी रोजचा लागला. "एका हातानं की दोन्ही?"

"आधी एका. मग मला म्हणाले, मॅडम, तुम्ही तिकडे बघा."

"अगं बाई! मग?"

"मी तिकडे बघितलं. मागे पाणी वाजलं, तरी वळले नाही."

खिडकीच्या चौकटीवर नखांचा बारीक आवाज झाला. मॅडमच्या खांद्याला एक पंजा टेकला. आता हात वर केला असता तर तो हाताशी होता. सगळं अंग म्हणत होतं, पकड, पकड! मॅडमनी हात हलवला नाही. पोहणाऱ्या न्यायाधीशांबद्दल बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना नंतर आठवलंही नाही.

दुसरा पंजा टेकला. मग सगळं वजन खांद्यावर आलं, तिथून छातीवर, आणि काजळ्यानं मॅडमच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं. त्याच्या अंगातून आधी अडखळत, मग एकसारखी गुरगुर सुरू झाली. तेव्हा कुठे मॅडमनी दोन्ही हात त्याच्याभोवती घेतले. तो पळाला नाही. मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"वळू का आता?" नळवाल्यानं भिंतीला विचारलं.

माणसं वळली. टाळ्या वाजवायची सोय नव्हती, म्हणून सगळ्यांनी नुसतेच हात उंच करून हलवले. त्या हलणाऱ्या हातांमधून मॅडम काजळ्याला छातीशी धरून एकेक पायरी उतरल्या. स्पर्धा जिंकलेल्या शिष्यांना त्यांनी अनेकदा असं येताना पाहिलं होतं. स्वतः पहिल्यांदाच येत होत्या.

घरी पोचताच सासूबाईंनी ताईला फोन लावला. "गिरणीवाल्यांना म्हणावं दुसरं मांजर शोधा. आमचा मुलगा नोकरीला जायचा नाही. एक पाठवलाय बाहेर, तेवढा पुरे."

दुपारी नळवाला उरलेलं काम करायला परत आला. दिवाणखान्याच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेवर, काजळ्या पोट वर करून पसरला होता. नळवाल्यानं जड पेटी उचलून धरली, श्वास रोखला आणि त्याला वळसा घालून चवड्यांवर मोरीकडे गेला.