मातीची गाडी आणि गालिच्याचे वळण

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याएवढे व्हा. म्हणजे एखाद्या मांजराएवढे. तुमचे पोट जमिनीपासून दोन बोटांवर आहे. चाके वाटीएवढी आहेत. समोर गुडघाभर उंचीचा मातीचा उंचवटा आहे, पण तुम्हाला तो डोंगर वाटतो. आता त्यावरून उडी घ्या. घेतलीत? मग माझी गोष्ट तुम्हाला कळेल.

मी रिमोटवर धावणारी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या सपाट माळरानावर, रेल्वेच्या रुळांलगत आमचे गाव आहे. तिथल्या लेफ नावाच्या मुलाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडले. जेवायची वेळ झाली की आई मला ताटलीसारखी उचलून बाजूला ठेवी. लेफची धाकटी बहीण मारित त्याच्या हातात एकेक स्क्रू देई आणि चुकीचा दिला की त्याच्या शिव्या खाई.

माझी मोटर अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे आहे. त्या वजनामुळे चाके भुसभुशीत मातीत घट्ट रुततात. धान्याच्या कोठारामागे क्लबचे मातीचे मैदान होते, तिथे मी राणीसारखी धावले. पुढे लेफ कामासाठी शेजारच्या अल्बर्टा प्रांतात गेला आणि रिमोट मारितच्या हाती आला.

मग क्लबने जागा बदलली. हिवाळ्यात बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ जिथे चालतो, तो लांबट हॉल उन्हाळ्यात रिकामाच असतो. तिथे गालिचा अंथरला आणि वर लाकडी चढउतार मांडले. पाऊस नको, धूळ नको. सगळे खूश झाले. मी सोडून.

उन्हाळ्यातली शेवटची शर्यत आली. यानंतर हॉलमध्ये पुन्हा बर्फ जमवायचा होता. मारितला यंदा एकदा तरी सर्वांत वेगवान गाड्यांच्या मोठ्या अंतिम फेरीत पोहोचायचे होते. सुट्टीला आलेल्या लेफने तिच्यासाठी नवी गाडी आणली. तिची मोटर मधोमध होती आणि ती जमिनीला चिकटल्यासारखी बुटकी होती. सकाळी सराव करायचा, मग नाव नोंदवताना गाडी सांगायची आणि दिवसभर तीच चालवायची, असा क्लबचा नियम. मारितने नव्या गाडीकडे पाहिलेही नाही. दादाने जोडलेली गाडी सोडायची म्हणजे दादालाच सोडल्यासारखे, असे तिच्या मनाने घेतले होते. आणि खरे सांगू? मलाही तेच हवे होते. नको झालेल्या गाड्या ज्यात टाकतात, त्या खोक्याची भीती मलाही वाटते.

सरावात मी पहिल्याच वळणावर कोलमडले. गालिचा चाकांना धरून ठेवतो. माती कशी, थोडे घसरू देते. घसरता आले नाही की माझ्यासारखी उंच गाडी कलंडते. पुढच्या चकरेत पुन्हा कलंडले. त्याच्या पुढच्या चकरेतही.

आमच्या क्लबात एक रीत आहे. ज्याची फेरी संपली, त्याने पुढच्या फेरीत वळणावर उभे राहायचे आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. त्या वळणावर ऑर्व्हिलकाका होते. वय झालेले, गुडघे कुरकुरणारे. दर वेळी ते एका हाताने फळी धरून खाली वाकत, मला सरळ करत आणि कण्हत उठत.

"मारित," गाड्या चालवणारे उभे राहतात त्या मचाणाकडे पाहून त्यांनी हाक दिली, "तुझ्या गाडीला झोप फार येते गं. हिला रात्री जागवतेस की काय?"

सगळे हसले. मारितही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. पुढच्या वेळी मी उलटले, तेव्हा ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती काकांच्या गुडघ्यांकडे पाहत होती.

खाली उतरल्यावर तिने लेफला विचारले, हिला गालिच्यावर नीट चालवता येईल का? येईल, तो म्हणाला. हिची उंची कमी करू, चाकांच्या कडांना गोंद फासू, तो वाळून कडक झाला की पकड कमी होईल. पण मग ही मातीवर पूर्वीसारखी कधीच धावणार नाही.

मारितने मला मांडीवर घेतले.

"तुला वाईट नाही ना वाटणार?" तिने लेफला विचारले.

"वेडे, मी गाडी जोडली होती," लेफ म्हणाला, "स्वतःला नव्हतं जोडलं त्यात. मी इथेच आहे की तुझ्या शेजारी. आणि भूक लागलीय मला, लवकर ठरव."

तिने ठरवले. नाव नोंदवताना तिने नव्या गाडीचे नाव सांगितले. मित्रांनो, माझ्या आत काहीतरी हलले, ते सैल झालेला स्क्रू नव्हता.

पण मला खोक्यात कोंबले नाही. तिने आधी माझी बॅटरी काढली, कारण आत विसरलेली बॅटरी फुगते आणि गाडीला खाते. मग जुन्या दात घासायच्या ब्रशने तिने माझ्या सांध्यांतली माती काढली. कोठारामागची माती होती ती, अजून काळी. एखाद्या वस्तूवर माया असेल, तर तिला जमत नाही तिथे तिला फरफटवू नका, आणि जमते ते तिच्यापासून कापूनही घेऊ नका. मला एवढेच सांगायचे आहे.

मी टेबलावरून सगळे पाहत होते. मारितची पहिली फेरी नव्या गाडीवर झाली. एकदाही उलटली नाही. मोठ्या अंतिम फेरीत जाणार की नाही, हे अजून ठरायचे होते. गुणफलकाभोवती पोरांनी गर्दी केली, लेफही तिला हाका मारू लागला. पण ती मचाणावरून उतरून थेट वळणाकडे गेली. ऑर्व्हिलकाकांना हाताला धरून तिने खुर्चीवर बसवले आणि त्यांच्या जागी उभी राहिली. पुढची फेरी सुरू होताच एका चिमुरडीची गाडी त्याच वळणावर कोलमडली. मारित गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तिने ती गाडी उचलली, तोंड वाटेकडे करून अलगद खाली ठेवली आणि हात बाजूला घेतले.