मास्तरांनी काढलेली चौकट

नवजात बाळांच्या वॉर्डात काचेच्या पेटीवर कॅमेरा होता. पेटीतलं बाळ नर्सला टेबलावरच्या पडद्यावर दिसे आणि आईला तिच्या खाटेशेजारच्या. पण नर्सने आपला पडदा चालू केला की आईचा काळा पडे. एका आईला वाटलं, बाळ गेलं. सिझेरियनच्या ओल्या टाक्यांनिशी ती धावत सुटली आणि दारातच कोसळली.

कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरबाईंना हे कळलं. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला तो कॅमेरा चालवायला शिकवणारा प्रोग्राम, आता त्यांच्याकडे होता. लिहिला होता मास्तरांनी. सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून हे नाव, आता निवृत्त. त्यांनी सगळं यंत्र एकच वस्तू धरलं होतं. एका वेळी एकाच पडद्याला चित्र, दुसरा चालू केला की पहिला बंद.

बाईंनी ते सोडवायला घेतलं. कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ प्रणालीच्या गाभ्यात, प्रत्येक भागाची वेगळी चौकट मांडली: कॅमेरा, चित्राच्या दोन प्रती करणारा भाग, दोन पडदे. मधल्या रेषा हव्या तशा जोडायच्या, तोडायच्या. चौकटी-रेषांचा हा आलेख कागदावर झकास दिसत होता. दुसरा पडदा मात्र काळाच. चार दिवस डोकं फोडून त्या मास्तरांच्या घरी गेल्या.

"माझं काम मोडीत काढलंत म्हणे," मास्तर दारातच म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. कागद पुढे ठेवला आणि त्या पडलेल्या आईचं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला.

"आईसुद्धा बघते हे मला कुणी बोललंच नाही हो. मला वाटलं, दुसरा पडदा जास्तीचा."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि कॅमेऱ्यापुढे आणखी एक चौकट काढली. "इथे एक चिप आहे. चित्राला एका वेळी एकच वाट मोकळी करते. सुरुवातीलाच तिला दोन्ही मोकळ्या करायला सांगावं लागतं."

"कुठेच लिहिलेलं नाही!"

"सगळं डोक्यात होतं ना. आणि डोकं माझ्यापाशीच होतं."

दोघंही हसले. बाईंनी ती चौकट आलेखात घातली, दोन्ही रेषा जोडल्या.

आठवड्याने मास्तर हट्टाने वॉर्डात आले. पलीकडे नर्सने आपला पडदा चालू केला. एका खाटेवरची आई आपल्या पडद्याकडे बघत होती. बाळाने मूठ उघडली, मिटली. चित्र क्षणभरही गेलं नाही. मास्तर पुढे वाकून बघतच राहिले.

"काका, जरा सरकता का?" ती म्हणाली. "दिसत नाहीये."

मास्तर लगबगीने बाजूला झाले.