विकली गेलेली, तरी ‘उपलब्ध’

मी एक जुनी पांढरी गाडी आहे. मित्रांनो, मी म्हणते म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. आधी मी कुठे उभी आहे ते विचारा, मगच पुढचं ऐका. हल्ली मी कुणाच्याच ‘आहे’वर विश्वास ठेवत नाही.

माझे पहिले मालक मारुतराव, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. शिफ्ट कोणतीही असो, घरी आले की आधी माझी काच पुसायचे. कंपनीच्या गेटचा हिरवा पास त्यांनी काचेच्या कोपऱ्यात चिकटवला होता. नऊ वर्षांनी निवृत्त होऊन ते गावी निघाले, तेव्हा मला वाकडच्या समाधानकडे दिलं. समाधान जुन्या गाड्या घेतो आणि विकतो. तो फार गोड बोलतो, आणि मला तिथेच पहिली शंका आली.

त्याने मला धुतलं, बारा फोटो काढले आणि गाड्यांच्या ॲपवर टाकले. फोटोखाली अक्षरं उमटली, ‘उपलब्ध’. चारच दिवसांत चऱ्होलीच्या ज्ञानेशने मला विकत घेतलं. पण त्याला पाडव्याच्या मुहूर्तावरच मला घरी न्यायचं होतं. मग समाधानने मला मागच्या भिंतीशी लावून कव्हर घातलं. चुकून कुणी दुसऱ्याला देऊ नये म्हणून काचेला आतून चिठ्ठी लावली : ‘विकली, ३ मार्च. ज्ञानेश, चऱ्होली. पाडव्याला नेणार.’

मी विकले गेले, फोटो मात्र तिथेच राहिला. ॲप दर आठवड्याला समाधानला विचारायचं, गाडी आहे का? तो चहा पिता पिता अंगठ्याने ‘आहे’ दाबायचा. ॲप काही वाकडला येऊन कव्हर उचलून बघत नाही! फोटो आवडला की माणसं आपला फोन नंबर देतात. अशा गिऱ्हाइकाला हे गाडीवाले लीड म्हणतात. आलेल्या माणसाला मग उरलेली कुठलीही गाडी दाखवायची. मी म्हणजे नुसतं गळाला लावलेलं आमिष.

पंधरा तारखेच्या रविवारी आम्रपाली आली. ती चाकणला कामाला, राहायला थेरगावात तिसऱ्या मजल्यावर. सोबत तिची आई कौशल्याबाई. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आता त्यांना दिवसाआड व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागणार होतं, आणि रिक्षाचे हिसके त्यांना सोसणारे नव्हते. माझी पुढची सीट पार मागे सरकते. त्यात पाय लांब करून बसता येतं का, हे पाहायला त्या स्वतः आल्या होत्या.

“ताई, दहाच मिनिटं झाली, ती गाडी गेली बघा,” समाधान म्हणाला. “ही मोठी घ्या ना. मावशी, बसून तर बघा.”

“मी निघताना फोन केला होता. तुम्ही ‘आहे ताई, या’ म्हणालात.”

“काय करणार ताई, मार्केटच तसंय.”

कौशल्याबाईंना त्या उंच गाडीत पाय टाकता येईना. दम खायला त्या मागे आल्या आणि नेमक्या माझ्यावरच टेकल्या. कव्हर घसरलं. बावीस वर्षं त्यांनी मारुतरावांच्याच कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटल्या होत्या. तो हिरवा पास त्यांनी फोटोतही हेरून ठेवला होता.

“आम्रे, ही तर हितंच हाय! आपल्या कंपनीचा पास हाय बघ.”

आम्रपालीने चिठ्ठी वाचली. “बारा दिवस झाले हिला विकून,” ती शांतपणे म्हणाली.

“लीड लागतात हो ताई. सगळेच करतात.”

“चाळीस दिवसांनी आज खाली उतरले मी,” कौशल्याबाई म्हणाल्या. “छप्पन्न पायऱ्या. आडवं पाऊल टाकत, एक एक. त्या कोन परत देनार मला?”

समाधानने फोन हातात घेतला. “आत्ता काढून टाकतो ॲपवरचा फोटो,” एवढंच म्हणाला. आईला धरून नेताना आम्रपालीचा फोन वाजला. दुसराच कुणी गाडीवाला विचारत होता, पांढरी गाडी शोधताय ना? तिने नंबर माझ्या एकटीसाठी दिला होता, तो भलत्याकडेच पोचला होता. मला फार लाज वाटली. खोटं मी बोलले नव्हते, पण माझंच तोंड दाखवून त्यांना बोलावलं होतं.

पाडव्याला ज्ञानेश आणि त्याची बायको दीपमाला आले. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आम्ही चऱ्होलीच्या वाटेला लागलो, तोच दीपमालाच्या फोनवर त्याच ॲपचा निरोप आला. ‘तुम्ही पाहिलेली गाडी अजून उपलब्ध आहे!’ खाली माझा फोटो.

“अहो, मग आपण बसलोय कशात?” ती हसत सुटली. गंमत म्हणून तिने तिथूनच फोन लावला.

“ही पांढरी गाडी आहे का हो?”

“आहे ताई, या,” तोच गोड आवाज.

तिचं हसू मावळलं. “मी त्याच गाडीत बसून बोलतेय,” ती म्हणाली. पलीकडून फोन कट झाला.

मित्रांनो, गाडी घ्यायला निघण्याआधी तिचा आत्ताचा व्हिडिओ मागा. विकली आहे का, हे स्पष्ट विचारा. नुसत्या ‘आहे’वर घर सोडू नका. माझा फोटो ॲपवरून निघाला की नाही, मला ठाऊक नाही. निघाला नसेल, तर मी इथे चऱ्होलीत सावलीला उभी आहे, आणि कुणाची तरी आई माझ्यासाठी जिना उतरते आहे. आडवं पाऊल टाकत, एक एक पायरी.