टाचणीची तोंडी परीक्षा

प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत सहा खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि त्यांवर बसलेल्या सहाही जणांचे पाय हलत होते. सातवा, बाजूच्या स्टुलावर, त्यांना शिकवणारा बसड्रायव्हर. त्याने पाय घट्ट रोवून ठेवले होते, कारण आपण हललो तर पोरं घाबरतील हे त्याला ठाऊक होतं.

नियम जुना होता. तरुणांना चर्चच्या मंडळीत सभासद करून घ्यायचं, तर त्यांनी विश्वासाच्या पुस्तिकेतली उत्तरं वडीलधाऱ्यांसमोर द्यायची. दरवर्षी चार पोरं घोकंपट्टी करून पास व्हायची आणि पुढच्या महिन्यात गायब. यंदा ड्रायव्हरने हट्टाने या तयारीचा वर्ग मागून घेतला. पोरांना म्हणाला, "हेच तुमच्या मित्राला सांगायचं असेल तर कसं सांगाल?" सुरुवातीला पोरांनी त्याची यथेच्छ टर उडवली. मग बोलायला लागली. मग सुटीच्या दिवशीही यायला लागली. आज एक जरी नापास झालं तरी वर्ग बंद, असं परीक्षा घेणाऱ्या वडीलधाऱ्यांचे प्रमुख, हेडसर, यांनी बजावलं होतं. आणि वर्ग बंद झाला की ही सहाजणं या दाराकडे फिरकणार नाहीत, याबद्दल ड्रायव्हरला तिळमात्र शंका नव्हती.

हेडसर शाळेतून निवृत्त झाले होते, मुख्याध्यापकीतून नाही. शेजारी पाळक बसले होते, पण ते हेडसरांचेच विद्यार्थी, त्यामुळे त्यांचं असणं-नसणं सारखंच.

पहिल्या पाच जणांनी कसंबसं निभावलं. सहावी टाचणी. बोलली की टोचतं, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव.

"क्षमा म्हणजे काय?" हेडसरांनी विचारलं.

"समजा माझं डोकं फिरलं आणि मी आईला नको नको ते बोलले," टाचणी म्हणाली. "सकाळी ती माझा डबा भरून ठेवते. विषय काढत नाही. विसरलेली नसते हां, सगळं लक्षात असतं तिच्या. तरी भरते. तसं."

"हे उत्तर नव्हे, घरचं रडगाणं आहे." हेडसर ड्रायव्हरकडे वळले. "वर्षभर हेच शिकवलंत? बरं, तुम्ही म्हणा पुस्तिकेतलं उत्तर. गुरूलाच येत नसेल तर शिष्यांना कशाला दोष द्यायचा?"

ड्रायव्हर उभा राहिला. ऐन तरुणपणी याच खोलीत त्याने हे उत्तर घडाघडा म्हटलं होतं. "क्षमा म्हणजे देवाने आपल्या कृपेने..." आणि पुढे काही येईना. वर्षभर पोरांच्या बोलीत बोलता बोलता ती ओळ कुठल्या थांब्यावर उतरून गेली, त्याला कळलंच नव्हतं. कानशिलं तापली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपणच या पोरांना बुडवलं, एवढंच त्याला वाटत राहिलं.

"...पश्चात्ताप करणाऱ्याचे अपराध न मोजणे, व त्यास पुन्हा आपले लेकरू म्हणून जवळ करणे." आवाज टाचणीचा होता. न थांबता तिने पुढची दोन उत्तरंही म्हणून टाकली, पार पूर्णविरामासकट.

"येत होतं, तर मघाशी का नाही म्हणालीस?" हेडसरांनी विचारलं.

"ते तुम्हाला येतंच की, सर. मला काय कळलंय ते विचारताय, असं वाटलं मला."

पाळकांनी मान खाली घातली. ड्रायव्हरला हेडसर पहिल्यांदाच म्हातारे दिसले. त्यांनी निकालाचा कागद पाळकांपुढे सरकवला. "सहाही घ्या."

ड्रायव्हर परत जागेवर बसला.

"आणि तू," हेडसर टाचणीला म्हणाले, "मघाचं पुन्हा सांग. मी ऐकत नव्हतो. चुका शोधत होतो."

टाचणीने खांदे उडवले. "समजा माझं डोकं फिरलं, आणि मी आईला..." इथे ती थांबली. परीक्षकाला सांगणं सोपं होतं. आता समोर ऐकणारा माणूस होता. तिने ओठ चावला आणि भिंतीकडे पाहिलं.

हेडसरांनी पुस्तिका मिटून बाजूला ठेवली.

"काय बोललीस गं आईला?" त्यांनी विचारलं.