पोटातली हळवी नस

दचकू नका, मी पोटातून बोलतेय. मी आतड्याच्या भिंतीतली एक नस. दिसायला म्हणाल तर केसाहूनही बारीक.

ज्या मुलीच्या पोटात मी जन्मले, तिला घरी चिमणी म्हणतात. चिमणी स्टुडिओत लोकांचे आवाज रेकॉर्ड करते. माझंही काम तसंच. आतड्यात काय चाललंय ते ऐकायचं आणि वर मेंदूला कळवायचं. पूर्वी मी मोजकंच कळवायची. घास पुढे सरकला, वारा फिरला, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी मी कुणाला त्रास देत नसे.

मग एकदा बाहेरचं काहीतरी बाधलं आणि जुलाबांनी चिमणीला पार आडवं केलं. आतडं सुजलं. पुढे सूज उतरली, पण माझी धास्ती काही उतरली नाही. आता जरासा वारा फिरला तरी मी किंचाळते आणि चिमणी पोट धरून बसते. त्यात कामाची काळजी! तिकडे मेंदू घाबरतो, त्याचं बघून मी घाबरते, माझं ऐकून तो आणखी घाबरतो.

तपासण्या झाल्या. दुर्बीण आत आली तेव्हा मी तर अर्धमेलीच झाले. रिपोर्ट आला, 'काही नाही'.

घरात हे दोन शब्द घट्ट बसले.

"आई, कळ येतेय गं."

"काही नाही निघालं ना? मग ऊठ. नाटकं पुरेत!"

चिमणी पोट धरूनच उठायची. हळूहळू तिलाच वाटू लागलं, आपण खरंच नाटक करतोय की काय? आवडतं काम सोडायचं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. मला फार वाईट वाटलं. ओरडत मी होते आणि खोटी ती ठरत होती.

शेवटचं म्हणून मायलेकी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी हलक्या हाताने पोट दाबलं, जुलाबांबद्दल खोदून खोदून विचारलं.

"आतडं चांगलं आहे. पण आतल्या नसा हळव्या झाल्यात. साधी हालचालसुद्धा त्या दुखणं म्हणून कळवतात. दुखतं ते मात्र अगदी खरं हं."

चिमणी ताडकन उठून बसली. "म्हणजे माइक चांगला आहे, गेन चढलाय!"

"काय चढलंय?"

"गेन हो! आवाज पकडायचं बटण. जास्त फिरवलं की साधा श्वाससुद्धा वादळासारखा ऐकू येतो."

बाई हसल्या. "मग ते बटण आपण हळूहळू खाली आणू. औषध देते, पण घाई करायची नाही."

आई खुर्चीत नुसती चुळबुळत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला आपलं वाटलं, काही नाही म्हणजे काही नाही."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं," चिमणी म्हणाली.

काम तिने सोडलं नाही. मी अजून दचकते, नाही असं नाही. पण आता मी ओरडले की चिमणी पोटावर हात ठेवते आणि म्हणते, "ऐकलं गं. जरा हळू."

माझं मागणं तेवढंच आहे. मला दटावू नका, आधी ऐकून घ्या.

काल आईने गरम पाण्याची पिशवी आणून दिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आज कितीवर आहे गं बटण?"

चिमणी खदखदून हसली. अख्खं पोट हललं. एरवी मी केवढा आरडाओरडा केला असता! या वेळी मात्र मी वर कळवलं, काही नाही.