बाटलीतले तिघे

थोरल्या जाऊबाईंनी मला त्यांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटवलं, तेव्हा मी रसायनशास्त्रात काठावर पास झालेली मुलगी होते. त्या मात्र पक्क्या. तापलेल्या चंबूजवळ नुसत्या उभ्या राहिल्या, तरी आत काय चाललंय ते त्यांना कळायचं.

आम्ही बॅटरीवाल्यांसाठी एक कार्बोनेट बनवत असू. पाण्यासारखं पातळ, वास गोडसर. मला ते कळावं म्हणून जाऊबाईंनी कागदावर चित्र काढलं: मधे कार्बोनेट, त्याला दोन हात, एका हाताला मिथाइल, दुसऱ्याला इथाइल.
"आपल्यासारखंच की," मी म्हटलं, "एक हात माहेरी, एक सासरी."
"हो, आणि मधल्याची ओढाताण," त्या म्हणाल्या.

हे बनवायची जुनी रीत फॉस्जिन वायूची होती. कुजक्या गवतासारखा वास येणारं जहाल विष. मागच्या शेडमध्ये ते काम माझे थोरले दीर बघायचे. भावजी जेवायला बसले की घासागणिक खोकायचे. डॉक्टरांनी शेड सोडायला सांगितलं होतं. भावजी म्हणत, "डॉक्टरचं काय जातंय सांगायला?"

म्हणून जाऊबाईंनी दुसरी रीत बसवली. दोन्ही हातांना मिथाइल असलेलं कार्बोनेट घ्यायचं, इथाइल अल्कोहोल आणि चिमूटभर अल्कली घालून तापवायचं. एका हातातलं मिथाइल सुटतं, तिथं इथाइल येऊन बसतं. मग ऊर्ध्वपातन करून आपलं तेवढं वेगळं काढायचं. अल्कली चंबूच्या तळाशी राहते. वायू नाही, विष नाही.

आमचे साहेब चिडले की त्यांचं नाक वाजायचं. सगळे त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. ते म्हणाले, "माल बाटलीत टिकवून दाखवा, शेडला कुलूप लावतो. नाही जमलं तर महिनाअखेरीस वायूची नवी टाकी मागवतो."

आणि तिथंच घोळ सुरू झाला.

ताजा माल यंत्रावर तपासला की कागदावर एकच उंच शिखर यायचं, म्हणजे आत एकच पदार्थ. शुद्ध. तोच माल बाटलीत बंद करून दोन दिवसांनी तपासला, की शिखरं तीन! मधलं आमचं. एका बाजूला दोन्ही हातांना मिथाइलवालं, दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांना इथाइलवालं. बाटली सीलबंद. कुणी काही घातलेलं नाही.

"तू उघडली होतीस?" जाऊबाईंनी विचारलं.
"मी कशाला उघडू? तुम्हीच वास घेऊन बघता सारखा."
"मी वास घेतला म्हणून त्याला इथाइल फुटेल होय गं?"

गंमत म्हणजे शेडमधला, वायूच्या रीतीनं केलेला माल तसल्याच बाटल्यांत ठणठणीत राहायचा. मग दोष आमच्याच मालात, असं धरून त्यांनी पुन्हा ऊर्ध्वपातन केलं. पुन्हा तेच. मला वाटलं, बाटल्याच घाणेरड्या असतील. मी त्या आणखी घासल्या, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात जास्त वेळ बुडवल्या. आमच्याकडची पद्धतच ती: कॉस्टिकमधून काढायच्या, जेमतेम विसळायच्या, ओव्हनमध्ये वाळवायच्या. तर माल पूर्वीपेक्षा जास्त बिघडला.

"जितकं धुवावं तितकं नासतंय," जाऊबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "हे म्हणजे शहाण्याला वेड लावायचं काम."

शिट्टीसाहेब आले, तिन्ही शिखरांवर बोट फिरवून म्हणाले, "एक घालता, तीन काढता. बाई, जादूचे प्रयोग लावा, तिकिटं मी विकतो." नाक वाजवत गेले. टाकीच्या मागणीवर त्यांची सही व्हायची तेवढी राहिली होती. जाऊबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. खिडकीतून शेडचा पत्रा दिसत होता.

धुतलेल्या बाटल्या संपल्या, म्हणून एकदा मी खोक्यातली कोरी बाटली घेतली. नुसती फडक्यानं पुसली. जाऊबाई माझ्यावर खेकसल्या, "धुतली का नाहीस?" पण माल भरून झाला होता.

त्या बाटलीत दोन दिवसांनी एकच शिखर होतं.

न धुतलेली चांगली आणि धुतलेली वाईट? जगात असं कुठं असतं? जाऊबाईंनी एका धुतलेल्या बाटलीत दोन थेंब पाणी फिरवलं आणि त्यात लाल लिटमस बुडवला. कागद निळा झाला.

"कॉस्टिक राहिलंय काचेला," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, चंबूत जी अल्कली हात सोडवते, तीच इथं बाटलीत बसलीय. आपल्या मालाचे दोन रेणू शेजारी आले की ती त्यांना हातातलं अदलाबदल करायला लावते. एकाकडे दोन्ही मिथाइल, दुसऱ्याकडे दोन्ही इथाइल."
"मग शेडचा माल का नाही बिघडत?"
"तो जरासा आंबट असतो. वायूमुळे आम्ल राहतं त्यात, ते कॉस्टिकला मारतं. ही धुण्याची पद्धत पडलीच असेल त्या मालासाठी. आपण गोड माल त्याच भांड्यात ओतत बसलो."

साहेबांना काही पटेना. त्यांनी आपल्या हातानं कोऱ्या बाटल्या भरल्या, आपल्याच कपाटात बंद केल्या. दोन दिवसांनी कपाट उघडलं, नमुने तपासले, एकेकच शिखर. त्यांचं नाक वाजलं नाही. टाकीच्या मागणीचा कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकला, आणि शेडला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी जाऊबाई घरी पळतच गेल्या, मी त्यांच्या मागे. खोकल्यामुळे त्या दिवशी घरीच राहिलेल्या भावजींना सगळं सांगितलं: अल्कली, हात, लिटमस. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही थांबलो.

"म्हणजे शेड बंद?"
"बंद," जाऊबाई म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता.
"कायमची?"
"कायमची."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. या माणसानं सबंध उमेदीची वर्षं त्या पत्र्याखाली काढली होती.
"बरं झालं," ते म्हणाले. "पण मग उद्या सकाळी मी जायचं कुठं?"

एवढा सगळा विचार केलेल्या बाईनं तेवढाच केला नव्हता. त्या तशाच उभ्या राहिल्या, दारातून आत यायचंही विसरून.